अकरा नंबरची नोंद

कामाच्या धबडग्यात नर्स कुठे लिहिते, हे कळायला तिच्या अंगावरून एकदा नजर फिरवली तरी पुरे. आमच्या वॉर्डात एकच ब्रदर आहे, उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणतात. तो पांढऱ्या चिकटपट्टीचा वीतभर तुकडा मांडीवर, पँटला चिकटवतो आणि त्यावर लिहीत जातो. मी खिशात औषधाच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा ठेवते. आणि चिमणी डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लिहायची, निळ्या बॉलपेननं. बेडचा नंबर, बीपी, नाडी, लघवी किती झाली, कुणाला फोन केला, तो काय म्हणाला. एका हातात थर्मामीटर, काखेत फाइल आणि मागून चार जण 'सिस्टर, सिस्टर' करतायत, अशा वेळी कागद शोधायला कुणाला सवड असते? शिफ्टच्या शेवटी बूड टेकायला मिळालं की हे सगळं संगणकात चढवायचं. वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि रोगी बरे होऊन घरी जातायत.

वरच्या मजल्यावरच्या लोकांना हे खुपत होतं. त्यांनी तीस खाटांच्या वॉर्डाला दोन टॅब दिले, त्यातल्या एकाचं चार्जिंग तासभरही टिकत नाही. सोबत परिपत्रक आलं: नोंद रुग्णाशेजारी उभं राहून त्याच क्षणी करावी; अंगावर, कपड्यांवर वा कागदाच्या तुकड्यांवर काहीही लिहू नये. ज्यानं हे लिहिलं त्यानं एका हातानं उलटीचं भांडं धरून दुसऱ्या हाताचं बोट त्या काचेवर फिरवून दाखवावं, मी जन्मभर त्याच्या घरी पाणी भरीन. दुपारच्या पाळीला आम्ही तिघं, त्यातही एकाची साप्ताहिक सुट्टी. आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना.

ती दुपार झाली तेव्हा सुट्टी माझी होती. म्हणून पुढचं मी ऐकीव सांगते आहे. पण चिमणीनं सांगितलेलं आणि लंबूनं सांगितलेलं मी ताडून पाहिलंय आणि ते कुठेही फाटत नाही.

अकरा नंबरच्या खाटेवर एक काका होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. पोटाच्या दुखण्यानं आले होते, आता बरे होऊन घरी जायच्या वाटेवर होते. आम्ही ॲप्रनला लावतो ती लहानशी घड्याळं त्यांना आवडायची. जवळ गेलं की डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, तुमचं दोन मिनिटं पुढे पळतंय. तुमच्यासारखंच." चिमणी हे नाव त्यांनीच दिलेलं. ती आहेच तशी, एवढीशी, या खाटेवरून त्या खाटेवर टुणटुणत जाणारी.

त्या दुपारी काका एकाएकी पांढरे पडायला लागले. अंगाला घाम, हातपाय गार. चिमणीनं बीपी पाहिलं, मनगटावर लिहिलं, सलाईनचा वेग वाढवला, खाट पायाकडून उंच केली. शिकाऊ डॉक्टर ऑपरेशनला अडकले होते. मोठ्या डॉक्टरांचा मोबाइल बंद. ते तिसऱ्या मजल्यावर मीटिंगला आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीटिंग टॅबवर नोंदी कशा कराव्यात याचीच होती. चिमणीनं त्या खोलीतल्या टेबलफोनवर फोन लावला. पहिल्यांदा एका बाईनं उचलला, "सांगते" म्हणाली आणि ठेवला. दुसऱ्यांदा डॉक्टर स्वतः फोनवर आले आणि म्हणाले, "बघतो." तिसऱ्यांदाही तेच आले. लंबू त्या वेळी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, झटके आलेल्या एका बाईला धरून उभा होता. चिमणीला त्यानं तीन वेळा फोनवर पाहिलं. पलीकडे कोण होतं ते त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

डॉक्टर खाली आले ते मीटिंग संपल्यावर. तोवर काका गेले होते.

मग चिमणीनं काकांना पुसून घेतलं. गेलेल्या माणसाला कोमट पाण्यानं स्वच्छ करायचं, केस विंचरायचे, डोळे नीट मिटायचे, धुतलेल्या चादरीत गुंडाळायचं, हे काम आमचं. ते तिनं एकटीनं केलं, घाई न करता केलं. शेवटी नियमाप्रमाणे साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. नळ बंद केला तेव्हा तिच्या लक्षात आलं की मनगट कोरं झालंय.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायची नाही. ज्याला स्वतःची कातडी वाचवायची असते तो आधी पुरावा जपतो. ही बया मेलेल्या माणसाला नीट निरोप देत बसली आणि स्वतःचाच पुरावा मोरीत सोडून मोकळी झाली.

आठवेल तसं तिनं संगणकात लिहिलं. आकडे नक्की आठवत नाहीत, असंही प्रामाणिकपणे लिहिलं. संगणकानं वर लाल अक्षरात शिक्का मारला: उशिरा केलेली नोंद. काकांच्या मुलीनं तक्रार केली, आणि ती का करणार नाही? डॉक्टरांनी लिहून दिलं की आपल्याला एकही फोन आला नाही. मेट्रनबाईंनी कानांवर हात ठेवले. अधीक्षकांनी चौकशी समिती नेमली. समितीत कोण? अधीक्षक, मेट्रनबाई आणि मोठे डॉक्टर. म्हणजे त्या दुपारी फोनजवळ बसलेले तेच तिघं. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देतात म्हणतात ना, तसं. चिमणीला घरी बसवलं. नोकरी गेली असती तर एक वेळ दुसरी मिळाली असती. पण खोटी नोंद केल्याचा ठपका बसला की नर्स म्हणून नोंदणीच रद्द होते, मग कुठल्याही दवाखान्याचं दार उघडत नाही. घरात म्हातारी सासू, शाळेत जाणारी मुलगी आणि कमावणारी ही एकटी.

हे सगळं रागानं सांगते आहे हे मला कळतंय. पुढचं मात्र जमेल तेवढं थंडपणे सांगते, कारण ते घडलं तसं सांगायला हवं.

अकरा नंबरवर आता बेकरीत काम करणारा एक माणूस होता, कावीळ झालेला. एका दुपारी त्याचं सलाईन बदलून लंबू माझ्या टेबलापाशी आला आणि हात पुढे करून उभा राहिला.

"ताई, हे तुम्ही लिहिलंत का?"

"तुझ्या हातावर मी कशाला लिहीन?"

त्याच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, लव नसते तिथे, निळ्या शाईत लिहिलं होतं: ११. बीपी ११०/७०. नाडी ९७. घाम.

मला ती थट्टा वाटली आणि थट्टेची ही वेळ नव्हती. तसं त्याला सुनावलं. तो वाद न घालता म्हणाला, "माझं अक्षर तुम्हाला माहितीये. कोंबडीचे पाय. हे बघा तरी."

मी पाहिलं. उभं, गोल, एकमेकांना न चिकटलेलं अक्षर. सातच्या पोटात आडवी रेघ. अशी रेघ आमच्या वॉर्डात एकच जण मारते.

बेकरीवाल्याचं बीपी मी स्वतः घेतलं. एकशेतीस, ऐंशी. तो उठून बसला होता आणि आजूबाजूच्यांना पाव फुगायला किती वेळ लागतो ते सांगत होता.

लंबूनं कापसावर स्पिरिट घेऊन मनगट घासलं. कातडी लाल झाली. कापूस पांढराच राहिला. अक्षरं जिथल्या तिथे. शिफ्ट संपवून कपडे बदलताना त्यानं पाहिलं तर मनगटावर काही नव्हतं. पुसट झालं, फिकं झालं असं काही नाही. नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी अकरा नंबरची चादर मी बदलत होते. चादरीचा कोपरा गादीखाली खोचताना डाव्या मनगटाला काहीतरी टोचलं. सुई नव्हे. बॉलपेनचं टोक घाईत दाबून लिहिताना जसं रुततं, तसं. एक ओळ, मग खाली दुसरी. ज्याचा हात धरून कुणी असं लिहिलंय त्यालाच ते कळेल. मी हात उलटा केला.

११. ९०/६०. नाडी ११७. फोन १, बाई, 'सांगते'.

शाई अजून ओली होती. तिचा वास आला.

मी खाटेच्या कडेवर बसले, जे आम्ही कधी करत नाही. बेकरीवाल्यानं विचारलं, "सिस्टर, चक्कर येतेय का?" मी नाही म्हटलं आणि उठून कामाला लागले. मी बावीस वर्षं या धंद्यात आहे, भूतखेत मानत नाही. शवागारात एकटी जाऊन आलेय आणि तिथे मला थंडीशिवाय काही लागलेलं नाही. म्हणून मी कारण शोधलं. खाटेच्या दांड्याला कुठे शाई लागलीय का हे ओल्या कापसानं इंचइंच पुसून पाहिलं. गादी बदलून घेतली. उशी बदलली. पुढच्या दिवशी दोन्ही हातांत लांब मोजे घातले, मनगटाशी चिकटपट्टीचे वेढे दिले आणि मगच अकरा नंबरला हात लावला. लंबू समोर उभा राहून पाहत होता.

पेन रुतलं. मोज्याच्या आत.

पट्टी कापून मोजा काढला. घामानं भिजलेल्या कातडीवर कोरडी, स्वच्छ अक्षरं होती: ७४/५०. फोन २, डॉ. स्वतः, 'बघतो'.

लंबूनं मोजा उलटा करून आतून पाहिला. मग म्हणाला, "ताई, ती लिहितेय. पण ती तर जिवंत आहे."

मला भीती वाटली का? वाटली. रात्री दिव्याखाली हात धरून पाहायचे. पण भीतीपेक्षा संताप जास्त होता. जी नोंद नाही म्हणून एका बाईचा गळा धरला होता, ती नोंद दर दुपारी, क्रमानं, आकड्यांसकट उगवत होती. आणि उगवत कुठे होती? आमच्या हातांवर. ज्यांना ती आधीच माहीत होती त्यांच्या. जिथे उगवायला हवी होती ते हात वर एसीत होते.

लंबूनं मोबाइलवर फोटो काढले. उत्तम आले. पण निळ्या पेननं लिहिलेल्या हाताचा फोटो काय, शेंबडं पोरही काढू शकतं. म्हणून त्या दिवशी शाई अंगावर असतानाच मी मेट्रनबाईंच्या खोलीत गेले आणि हात टेबलावर ठेवला.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सिस्टर, अंगावर लिहायचं नाही असं परिपत्रक आहे."

"मी लिहिलेलं नाही मॅडम."

"मग कुणी? हात तुमचा आहे. पेन तुमच्या खिशाला आहे."

"अक्षर कुणाचं आहे ते बघा."

"अक्षर कुणालाही काढता येतं." त्या उठून खिडकी लावायला गेल्या. बाहेर वारा नव्हता. पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या, "तुमची मैत्रीण आहे, कळतं मला. पण असं करून तुम्ही तिचं नुकसान कराल आणि तुमचंही."

"मॅडम, पहिला फोन एका बाईनं उचलला होता. त्या खोलीत बाई किती होत्या?"

त्यांनी खिडकीची कडी दोनदा तपासली. "तुम्ही जाऊ शकता," म्हणाल्या.

मी जिना उतरले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. लिहिलं नाही तर निष्काळजी, उशिरा लिहिलं तर खोटं, अंगावर उमटलं तर नियमभंग. नर्सनं लिहिलेलं खरं कधी मानायचं, हे एकदा परिपत्रक काढून सांगा म्हणावं.

शुक्रवारी ड्युटी संपल्यावर मी चिमणीकडे गेले. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. मला आत घेऊन हळूच म्हणाल्या, "बरं केलंत आलात. दिवसभर तो डावा हात घेऊन बसते. जेवत नाही नीट. तुम्ही तरी बोला."

चिमणी खिडकीपाशी मुलीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत होती. मला बघून हसली. मी सगळं सांगितलं. लंबूचा हात, माझा हात, मोजा, मेट्रनबाई. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग शेजारच्या कंपासपेटीतून पेन काढलं, माझा हात ओढून घेऊन तळव्यावर एक रेघ मारली. निळी रेघ उमटली. स्वतःच्या उजव्या मनगटावर मारली. उमटली. मग तेच पेन डाव्या मनगटावर दाबून फिरवलं.

कातडीवर खळगा पडला. रेघ उमटली नाही. तिनं पुन्हा दाबलं, इतकं की तिथली कातडी पांढरी पडली. शाई लागलीच नाही.

"त्या दिवसापासून असंच आहे ताई," ती म्हणाली. "स्केचपेन घेतलं, मार्कर घेतला. तिथे काही राहतच नाही."

मी नजर वळवली. खिशातला पुठ्ठा बाहेर काढला, ज्यावर मी सगळे आकडे उतरवून ठेवले होते. "ते राहू दे. हे बघ, मी वाचून दाखवते. सोमवारी समितीपुढे हे सांग."

"नको."

"नको काय? तुझेच आकडे आहेत."

"असतील. पण आकडे आठवत नाहीत असं मी लिहून दिलंय, आणि मला खरंच आठवत नाहीत. आता तुमच्याकडून ऐकून गेले आणि तिथे घडाघडा म्हणून दाखवले, तर मी खरोखरच खोटी ठरेन. मग ते म्हणतायत तेच खरं."

मी तिच्यावरही चिडले. "अगं, धुतल्या तांदळासारखं राहून कुणाचं भलं झालंय? ते तिघं तुला उभी जाळतायत आणि तू बसलीयस तत्त्वं सांभाळत."

ती सुईत दोरा ओवत राहिली. निघताना मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण याची नाही. सोमवारची."

शनिवारी दुपारी शेवटची ओळ आली. लंबूच्या हातावर. त्यानं मला बोलावलं नाही, औषधांच्या कपाटामागे जाऊन उभा राहिला. मी शोधत गेले तर तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. एवढा साडेसहा फुटांचा माणूस. त्यानं हात मागे धरला. मी वाचलं.

फोन ३, डॉ., 'सांगितलं ना'. ६०/? नाडी हाताला लागत नाही. काका वेळ विचारतात.

रविवारी काही आलं नाही. मी मुद्दाम अकरा नंबरची चादर दोनदा बदलली. मनगट कोरं राहिलं. नोंद पूर्ण झाली होती, आणि तिचा कुणाला काही उपयोग नव्हता.

सोमवारी सुनावणी तिसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत ठेवली होती. त्याच खोलीत, दुसरी जागाच नव्हती जणू. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यातल्या तिपाईवर बदामी रंगाचा टेबलफोन. एका बाजूला अधीक्षक आणि मेट्रनबाई. टेबलाच्या टोकाला मोठे डॉक्टर, कडक इस्त्रीच्या लांब बाह्यांचा शर्ट घातलेले. त्यांच्या डाव्या हाताला काकांची मुलगी. समोर चिमणी, आणि वॉर्डात नोंदी कशा होतात याची साक्षीदार म्हणून मी. लंबूला वॉर्ड सोडायची परवानगी मिळाली नव्हती.

अधीक्षकांपुढे एक कागद होता. मला तो उलटा दिसत होता, पण वाचता येत होता. बडतर्फीचा आदेश. खाली नावं छापलेली, तीन सह्यांच्या जागा मोकळ्या. सुनावणी व्हायच्या आधी निकाल टाइप होऊन आला होता. लग्नाआधीच बारसं उरकायची घाई.

"तुमचं म्हणणं, नोंद वेळेवर केली होती," अधीक्षक चिमणीला म्हणाले. "कुठे आहे?"

"हातावर होती साहेब."

"दाखवा हात."

तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, उताणे.

"इथे तर काही नाही."

"नाही साहेब. धुतलं."

डॉक्टर किंचित हसले. मला ते हसणं सोसलं नाही. मी उभी राहिले. "त्या दुपारी तुम्ही तिघं याच खोलीत होता. तो फोन तिथेच होता. तो वाजला की नाही, हे तुम्ही तिला काय विचारता? एकमेकांना विचारा."

"सिस्टर, तुम्हाला साक्षीला बोलावलंय. भाषणाला नाही. बसा खाली."

मी बसले नाही. मग काकांची मुलगी बोलली.  शिक्षिका असावी, सावकाश आणि नीट बोलत होती. "डॉक्टर, मला बाकीचं कळत नाही. फोन आला होता का, तेवढंच सांगा. माझी समजूत पटली की मी जाईन."

"नाही आला," डॉक्टर म्हणाले. "मी तसं लिहून देतोय. ही माझी सही."

त्यांनी आपल्या जबाबाचा कागद पुढे ओढला, डाव्या हातानं दाबून धरला आणि उजव्या हातानं पेन टेकवलं.

आणि थांबले.

तो थांबण्याचा प्रकार मी ओळखला. लंबूचा तसाच झाला होता, माझाही.

त्यांची डावी बाही कागदावर घासून वर सरकली होती. त्यांनी खाली पाहिलं. मुलीनंही पाहिलं.

"हे काय लिहिलंय?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी हात ओढायला हवा होता. ओढला नाही. ओढता आला नसावा.

ती वाकली. "मला लागत नाही अक्षर. सिस्टर, तुम्हाला येतं का वाचता?"

मी टेबलाला वळसा घालून गेले. चिमणीचं अक्षर नव्हतं ते. तिरपं, आडवं पसरलेलं, एका अक्षराचं शेपूट दुसऱ्याच्या गळ्यात. औषधांच्या चिठ्ठ्यांवर ते वाचायला शिकण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली होती. बाहेरच्या माणसाला ते लागणं शक्य नव्हतं. या खोलीत ते अस्खलित वाचू शकणाऱ्या दोघीच होत्या, चिमणी आणि मी. आणि तिसरे, ज्यांचं होतं ते.

काळी शाई. ओली.

मी मोठ्यानं वाचलं. "अकरा. बीपी पडतंय. सिस्टरचे तीन फोन. मीटिंगनंतर बघू."

अधीक्षकांनी कोपऱ्यातल्या फोनकडे पाहिलं.

मीटिंगमध्ये त्यांच्यापुढे कागद नसावा. माणूस काय करतो अशा वेळी? आम्ही करतो तेच. मग खाली येऊन, वॉर्डात शिरण्याआधी, नियमाप्रमाणे हात धुतो.

डॉक्टर अंगठ्यानं घासू लागले. आधी हळू, मग जोरात. कातडी लाल झाली. अंगठा कोरडा राहिला.

"हे तुमचंच अक्षर आहे ना?" काकांच्या मुलीनं विचारलं. रागानं नाही. विद्यार्थ्याला विचारावं तसं.

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी अधीक्षकांकडे वळले. आता मी बोलणार होते, पोटात साठलेलं सगळं. पण अधीक्षक माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी आदेशावर टेकवलेलं पेन सोडून दिलं होतं. ते घरंगळत कागदाच्या मध्यावर येऊन थांबलं.

त्यांचा डावा हात टेबलाच्या काठावरून खाली गेला. मग उजवाही.

मेट्रनबाई ताठ बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून, समोर बघत. त्यांचे दोन्ही हात आधीच खाली होते. केव्हा गेले ते मी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी बाही ओढून घेतली आणि तेही हात खाली घेऊन बसले.

चिमणीचे हात तिनं ठेवले होते तसेच होते, उताणे, तळवे वर. डाव्या मनगटाची सालं निघाली होती. काकांच्या मुलीनं त्या हातांकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"साहेब," मी म्हटलं, "सही करताय ना?"

आदेश मधोमध पडला होता, त्यावर पेन. तिघांपैकी कुणाचाही हात वर आला नाही. खोलीत फक्त एक आवाज होता, टेबलाखालून येणारा, कोरड्या कापडानं कातडी घासल्याचा. तो एका जागेवरून येत नव्हता.